करंजाच्या तेलावर सिरोंचा

माझ्या गिरणीचं इंजिन मीच खोलते आणि मीच बसवते. कुरखेड्यात याचं आता कोणाला नवल वाटत नाही. बाजाराच्या दिवशी दळण घेऊन आलेल्या बाया मला कोपरापर्यंत काळ्या हातांनी बसलेली बघतात, पिशवी ठेवतात आणि भाजी घ्यायला निघून जातात. सासऱ्यांनी बसवलेलं हे एका सिलिंडरचं, सावकाश धापा टाकणारं जुनं इंजिन आहे. एका पट्ट्यावर पिठाची चक्की चालते, दुसऱ्यावर तेलाचा घाणा. डिझेल मी कधीचंच बंद केलं. करंजाच्या बिया पिळायच्या, तेल निवळू द्यायचं, दोनदा कापडातून गाळायचं. टाकीपासून येणारी तांब्याची नळी सायलेन्सरला गुंडाळली की तेल इंजिनात जाईपर्यंत गरम आणि पातळ होतं. यात विद्या काही नाही, सवय आहे.

करंजाचं तेल कडू. त्याला वास येतो, रंग काळपट. आमच्याकडे ते दिव्यात घालतात, खरजेला लावतात, बैलाच्या खांद्याला चोळतात. खात कोणी नाही, त्यामुळे इंजिनाने ते प्यायलं तरी कोणाच्या ताटातलं कमी होत नाही. आमच्या बचत गटाच्या बाया बिया वेचून आणत आणि मी पिळत असे. अडचण एकच होती. माझ्या एका इंजिनाला तेल लागणार किती? उरलेल्या बिया झाडाखाली कुजत. बाया विचारत, "बाई, अजून आणू का?" आणि मला नाही म्हणावं लागे.

म्हणून मी नदीवरच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले होते. चामोर्शीच्या बाजूला वैनगंगेत त्यांचे काही डोंगे डिझेल इंजिनावर चालतात. डोंगा म्हणजे आमची सपाट बुडाची नाव. तुमच्या डोंग्यांना आमचं तेल घ्या, म्हटलं. ते हसले.

"गिरणी जमिनीवर राह्यते, बाई. बंद पडली तर दळण उद्या होते. भर नदीत इंजन बंद पडलं तर माह्या पोरायनं काय करायचं?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. मी चहा पिऊन परत आले.

नवरा ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला आहे आणि सुटीला घरी येतो. कोळशातला माणूस, माझ्या करंजाची थट्टा हा त्याचा हक्कच. त्या रविवारी जेवताना त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. परदेशातली माणसं एका वेगवान बोटीवर उभी होती. झाडापाल्याच्या, बियांच्या तेलावर बोट चालवून पृथ्वीची फेरी मारायची आणि विक्रम करायचा असा त्यांचा बेत होता.

"पाय, हे लोकं तेलावर दुनियेची चक्कर मारून राह्यले," तो म्हणाला. "अन् तू अजून तांदूळच दळून राह्यली."

"दुनिया कशाले पायजे? आपली नदी आहे नं," मी म्हटलं आणि त्याला भात वाढला.

मी बोलून गेले ते विसरले असते. पण नणंद बाजूला बसली होती. ती घाण्यावर माझ्याबरोबर काम करते आणि एकदा कानात पडलेली गोष्ट सोडत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टा चढवता चढवता म्हणाली, "वहिनी, मंग काऊन नाई जात? इंजन आपलं, तेल आपलं. डोंगा तेवढा मागायचा."

आम्ही दोघी पुन्हा अध्यक्षांकडे गेलो. या वेळी ते हसले नाहीत. बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग म्हणाले, "ठीक आहे. चिचडोहच्या बंधाऱ्याच्या खालून निघायचं, सिरोंच्याले लागायचं. एक थेंब डिझेल न टाकता. पोचल्या तर सोसायटीचे सारे डोंगे तुमचं तेल घेतीन. एक थेंब जरी टाकला, तर हा विषय मले पुन्हा नाई सांगायचा."

"अन् टाकला का नाई, हे तुमाले कसं समजन?" नणंदेने विचारलं. मी तिला कोपर मारलं, पण प्रश्न निघून गेला होता.

"माहा माणूस बसन डोंग्यात."

तो माणूस म्हणजे सोसायटीचा जुना नावाडी. त्याला सगळे भाऊ म्हणतात. जन्म नदीत गेलेला ढीवर, आणि नदीइतकाच बोलका. त्याच्याबरोबर डिझेलचा एक डबाही येणार होता. जिवावर बेतलं तर हाताशी असावा म्हणून. डब्याच्या झाकणावर अध्यक्षांनी लाल दोरा बांधला आणि गाठीवर आपल्या हाताने लाख ओतून ठसा दाबला. लाख फुटली की आम्ही हरलो.

गिरणीचं इंजिन काढून नेलं तेव्हा गावाने मला शिव्या दिल्या, आणि त्या रास्त होत्या. तेवढे दिवस सगळ्यांना दळण दुसरीकडे न्यावं लागणार होतं. "बाई समुद्रावर चालली," असं एकीने चक्कीच्या दारात मोठ्याने म्हटलं. मी नटबोल्ट पिशवीत भरत होते. "समुद्र लागला तर तुह्यासाठी मीठ आणतो," म्हटलं.

सगळं तेल बरोबर नेलं असतं तर डोंगा बुडाला असता. म्हणून नदीकाठच्या गावांतल्या बचत गटांना निरोप दिले. प्रत्येकीने आपल्या गावात करंजाचं तेल पिळून ठेवायचं, आम्ही वाटेत घेत जाऊ. काही डबे एसटीने पुढे पाठवले. कंडक्टरने वासावरून कटकट केली, मग आपल्या आईच्या गुडघ्यांना चालेल का म्हणून विचारलं. चालेल म्हटलं आणि त्याला बाटली भरून दिली. डबे वेळेवर पोचले.

हिवाळा होता. पाणी उतरलेलं, पण डोहांत भरपूर. निघालो तेव्हा काठावर सोसायटीची माणसं उभी होती आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर आम्ही पहिल्या वळणावर परत येऊ असं लिहिलेलं होतं. मी उकळतं पाणी इंजिनात ओतून ते गरम केलं, हँडल मारलं, आणि दुसऱ्या फेऱ्यात ते बोलायला लागलं. त्याचा गिरणीतला आवाज मला पाठ आहे. नदीवर तो वेगळा वाटला, मोकळा. मागे पंखा फिरायला लागला, डोंग्याचं नाक उचललं गेलं आणि काठावरची माणसं लहान होत गेली. नणंदेने पदर डोक्याला बांधला. मी तापमान बघत होते, पण खोटं कशाला सांगू, मान ताठ झाली होती.

त्या परदेशी बोटीसारखा आमचा वेग नव्हता. काठाने सायकलवरून जाणारी पोरं आमच्या बरोबर राहत आणि कधी कधी पुढे जात. उथळ जागा आली की इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, गुडघाभर पाण्यातून डोंगा ढकलायचा. भाऊ पुढे बसून पाणी वाचत असे. "इथी धोंडा नाई. मी लहानपणापासून ओळखतो हे पाणी," असं तो म्हणाला आणि पुढच्याच क्षणी डोंगा धोंड्यावर घासला.

"हा कोण मंग?" नणंद म्हणाली. "तुमचा सोयरा?"

"हा नवीन आला असन, पुरात," भाऊ म्हणाला, आणि आम्ही तिघं हसत हसत खाली उतरलो.

चपराळ्याला वर्धा येऊन मिळते आणि पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. तिथे पाणी रुंद झालं. दोन्ही काठांना सागाचं जंगल, वाळूवर बगळे, आणि मध्ये आमच्या इंजिनाची टुकटुक. गावागावात बाया डबे घेऊन उभ्या असत. ज्यांनी कधी इंजिनाकडे वाकून बघितलं नव्हतं त्या विचारत, "आमचं तेल कुठून जाते, दाखव नं." मी नळी दाखवायची, फिल्टर दाखवायची. एकीने सायलेन्सरला बोट लावून चटका घेतला आणि तरी खूश होती. हे तेल तिने पिळलं होतं आणि तिच्या समोर त्याने डोंगा ओढून नेला. मला जे अध्यक्षांना पटवायचं होतं ते या बायांना आधीच पटलं होतं.

अहेरीच्या खाली एका लहान गावाला आम्ही ऊन कलताना लागलो. गाव गोंडांचं. नदीवरून वर चढतो तोच बाया आल्या, पाय धुवायला पाणी दिलं, हातातला पाना काढून घेतला. मी टाकी भरायला परत फिरत होते तर एक वयस्क बाई वाट अडवून उभी राहिली. गटाची प्रमुख तीच होती.

"पाहुण्यानं काम करायचं नाई आमच्या गावात," ती म्हणाली. "तुमी बसा. तेल आमी टाकतो. आमाले दाखवलं पोरीनं, कुठी टाकायचं ते."

त्यांची एक तरुण सून वरच्या गावी माहेरी गेली होती आणि तिथे टाकी भरताना तिने नीट बघून घेतलं होतं. मला कौतुकच वाटलं. आम्हाला मांडवात बसवलं, भात, मासे आणि आंबाडीची भाजी वाढली. तिकडे खाली बायांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, तेल ओतलं, आणि गाणं म्हणत वर आल्या. भाऊ दोनदा भात घेऊन डबा उशाला ठेवून झोपला. तो डबा तो कुठेही सोडत नसे.

सकाळी नदीवर धुकं होतं. मी हँडल मारलं. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प. पुन्हा मारलं, काही नाही. नळी सोडली तर थेंब नाही. टाकीचं झाकण उघडलं आणि आत बघतच राहिले. टाकीत पांढरंपिवळं तूप बसलं होतं. बोट घातलं, वास घेतला आणि जीभ लावली. कडू नव्हतं.

ते टोळीचं तेल होतं. टोळी म्हणजे मोहाच्या बिया. जंगलातली माणसं स्वयंपाकाला हेच तेल वापरतात. उन्हात ते पातळ सोनेरी असतं, हिवाळ्याच्या सकाळी गोठतं. टाकीत गोठलं, नळीत गोठलं, फिल्टरमध्येही गोठलं. करंजाचं तेल एवढ्या थंडीला कधी असा दगा देत नाही.

वयस्क बाई गळ्याभोवती लुगडं आवळून उतरून आली. मी तिला टाकी दाखवली.

"बाई, करंजाचं सांगितलं होतं नं मी?"

"सांगितलं होतं. पिळूनबी ठेवलं आहे." तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "पण तुमी एवढ्या दुरून आल्या. ते कडू तेल आमी ढोराच्या खरजेले लावतो. पाहुण्याच्या डोंग्यात खरजेचं तेल टाकू काय? घरोघरचं चांगलं तेल जमा केलं, ते टाकलं."

त्या थंडीत प्रत्येक घराने आपल्या फोडणीतलं तेल कमी करून माझ्या इंजिनाला दिलं होतं. त्यांचं करंजाचं तेल होतंच, पण हे वाळूत ओतून देणं मला जमणार नव्हतं, आणि नळी, फिल्टर तर तसेही मोकळे करावेच लागणार होते.

इतक्यात नवऱ्याचा फोन आला. रोज सकाळी पाळी संपली की तो आम्ही कुठे आहोत ते विचारायचा. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "डबा आहे नं? थोडं डिझेल टाकून चालू करून घे. एकदा गरम झालं का मंग तेलावर घेजो. कोणाले दिसून राह्यलं?"

"मले," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

भाऊ डबा मांडीवर घेऊन वाळूत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. नेहमी बडबडणारा माणूस, आता खालमानेने दोऱ्याची गाठ चाचपत होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "लाख काय, या गावातबी भेटन. नवीन ओतून देईन. ठसा तेवढा जमवा लागन. तुमी म्हणाल तर मी तिकडं तोंड करून बसतो."

तो मनापासून म्हणत होता. प्रवासात तो आमचा झाला होता. पण काठावर बाया उभ्या होत्या, त्यांच्या मागे वरच्या गावांतल्या बाया, त्यांच्या मागे कुरखेड्याच्या, ज्यांना मी वर्षानुवर्षं "अजून नको" म्हणत आले. डिझेल टाकून पोचले असते तर त्या सगळ्यांच्या तेलाबद्दल मी एक खोटं बोलले असते, आणि ते फक्त मला आणि भाऊला ठाऊक असतं. एवढं ठाऊक असणं मला पुरे होतं.

"भाऊ, इकडंच तोंड करून बसा," मी म्हटलं. "अन् लाकडं आणा."

मग वयस्क बाईकडे वळले. "तुमच्या घरी सकाळी हे तेल गोठलं तर काय करता?"

"काय करतो म्हणजे?" ती म्हणाली. "चुलीजवळ ठेवतो."

वाळूवर तीन धोंड्यांची चूल मांडली. गावातला लग्नाचा मोठा गंज आला, त्यात पाणी तापत ठेवलं. मी टाकी सोडवली आणि नणंदेने ती गरम पाण्यात धरली. तेल कडेने सुटायला लागलं, मग मधोमध एक पांढरा गोळा तरंगत राहिला, मग तोही गेला. फिल्टर उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरला. नळी मात्र जागची काढता येत नव्हती. बाया जुन्या लुगड्याची फडकी गरम पाण्यात बुडवून, पिळून आणून देत आणि मी ती नळीला गुंडाळी. एक थंड व्हायचं, दुसरं यायचं. हात भाजत होते, पाय नदीच्या गार पाण्यात होते. कोणी मध्येच गोंडीत काही बोललं आणि सगळ्या हसल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, बाळंतिणीले शेकावं तसं शेकून राह्यल्या."

शेवटी उरलेलं उकळतं पाणी इंजिनात ओतलं. भाऊने डबा खाली ठेवला. तेवढ्या दिवसांत त्याने तो पहिल्यांदाच स्वतःपासून दूर केला. हँडलला माझ्या जोडीने त्याने हात लावला. पहिला फेरा कोरडा, दुसऱ्याला पांढरा धूर. तिसऱ्याला ते धडधडलं, अडखळलं, आणि चालू झालं. बायांनी एवढा आरडाओरडा केला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

चालू झालं, पण पुन्हा गोठलं तर? इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी आत जातं आणि तापून बाहेर पडतं. गिरणीत मी ते तापलेलं पाणी भांडी घासायला वापरते. इथे टाकी एका घमेल्यात ठेवली आणि तो गरम पाण्याचा पाइप घमेल्यात सोडला. टाकी आंघोळ करत राहिली आणि तेल पातळ राहिलं. एका गिरणीवालीला यापेक्षा जास्त काही येत नाही आणि त्या दिवशी यापेक्षा जास्त काही लागलंही नाही.

पुढे दिवसभर डोंग्याच्या मागे वडे तळल्यासारखा वास दरवळत होता. काठावर कपडे धुणाऱ्या बाया वर बघत. भाऊला सारखी भूक लागत होती. "या तेलावर माणूस उपाशी मरन, वासानंच," तो म्हणाला. आणि मग जरा विचार करून, "टोळीबी झाडाचीच आहे, बाई. अध्यक्ष काई म्हणले तर मी बोलन."

सिरोंच्याजवळ नदी एवढी पसरते की दुसरा काठ वेगळ्या मुलखाचा वाटतो, आणि तो आहेच, तेलंगणाचा. घाटावर अध्यक्ष जीप घेऊन आले होते, शेजारी सोसायटीची चारपाच माणसं. नवराही होता. रजा टाकून, न सांगता. डोंगा वाळूला टेकला तशी इंजिन बंद न करता मी खाली उतरले. ते तसंच चालू असलेलं सगळ्यांनी बघावं अशी माझी इच्छा होती आणि ती मी लपवली नाही.

अध्यक्षांनी डबा हातात घेतला. लाखेवरून अंगठा फिरवला, दोरा उन्हात धरला, डबा हलवून बघितला. मग वाकून आमच्या टाकीत बोट बुडवून वास घेतला आणि भुवया वर केल्या.

"हे करंज नाई."

"टोळीचं आहे," भाऊ म्हणाला. "झाडाचं. तुमी थेंब डिझेलचा म्हणला होता, झाडाचं नाव नव्हतं घेतलं." आणि त्या सकाळची सगळी हकीकत त्याने जमलेल्या माणसांना सांगितली. त्याच्या सांगण्यात थंडी बरीच वाढली होती आणि हँडल त्यानेच एकट्याने मारलं होतं. मी दुरुस्ती केली नाही. स्वतः तोंड फिरवून बसायला तयार होता, एवढं मात्र त्याने गाळलं. तेही मी सांगितलं नाही.

पाण्याला आलेली एक तेलुगू बाई वास घेत जवळ आली. "नूने?" तिने विचारलं. तेल? मी मान हलवली. तिने डोंग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि घागर कमरेवर घेऊन हसत निघून गेली.

अध्यक्ष कमी बोलणारे. "पुढच्या महिन्यापासून डबे पाठवा," म्हणाले. "करंजाचेच." मग जीपपाशी गेले, काटा बघितला, परत आले आणि स्वतःच्या अंगठ्याने लाख फोडून ते डिझेल आपल्या जीपमध्ये ओतलं. परतायला कमी पडत होतं. नणंद इतकी हसली की तिला वाळूत बसावं लागलं.

नवरा इंजिन उतरवायला हात लावत होता. "पोचली," एवढंच म्हणाला. मग, "मी सांगितलं तसं केलं असतं, तर?"

"तर तुमची थट्टा खरी झाली असती," मी म्हटलं. "पाना द्या तिकडचा."

जगात कुठे काय विक्रम झाले मला माहीत नाही. या नदीत आमच्या आधी बियांच्या तेलावर कोणी सिरोंचा गाठल्याचं काठावरच्या एकाही म्हाताऱ्याला आठवत नाही. मला तेवढं पुरे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. आता काठावरच्या गावांत घाणे बसलेत. कुरखेड्याच्या बाया विचारतात, "अजून आणू का?" आणि मी म्हणते, आणा.

परतताना टेम्पो मुद्दाम त्या गावावरून घेतला. वयस्क बाईने पहिला प्रश्न तोच विचारला, "आमचं तेल कसं चाललं?"

"सिरोंच्यापर्यंत चाललं," मी म्हटलं. "पण पुढच्या खेपेले इंजनाले कडू तेल द्या. त्याले तेच मानवते."

तिला ते काही फारसं पटलं नाही. तरी तिने ऐकलं. आता त्यांच्या गावाहून डोंग्यांसाठी करंजाचे डबे येतात, आणि दर हिवाळ्यात त्यांच्याबरोबर टोळीच्या तेलाची एक वेगळी बाटली असते, माझ्या स्वयंपाकाची. सकाळी ती गोठलेली असते. मी ती गिरणीत सायलेन्सरजवळ ठेवते आणि दुपारी घरी नेते.